पहिला हनीपॉट लावताना: पुण्यातल्या नवख्या स्वयंसेवकासाठी

जुन्नर-आंबेगावकडे उसात बिबट्या फिरायला लागला की वनखातं पिंजरा लावतं. त्याला दोन कप्पे असतात. एका कप्प्यात शेळी, दुसऱ्यात बिबट्याने यायचं, आणि मध्ये जाळी. शेळीचा वास, तिचं ओरडणं बिबट्यापर्यंत पोचतं, पण बिबट्या शेळीपर्यंत पोचत नाही. हनीपॉट म्हणजे काय असं कुणी विचारलं की मी हा पिंजरा सांगतो. नवीन माणूस सगळे प्रश्न आमिषाबद्दल विचारतो. या कामात जपायची असते ती मधली जाळी.

हनीपॉट हा मुद्दाम उघड्यावर ठेवलेला खोटा संगणक. त्यावर कुणाचं काम चालत नाही आणि त्याचा पत्ता कुणाला दिलेला नसतो. त्यामुळे त्याचं दार ठोठावणाऱ्याकडे कायम संशयाने बघता येतं. असे बरेच खोटे संगणक एकत्र जोडले की ते हनीनेट. कल्पना जुनी आहे. १९८६ साली कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल यांना संगणकवापराच्या हिशेबात ७५ सेंटांची तफावत दिसली आणि तिच्या मागे जाता जाता घुसखोर सापडला. फोनलाइनवरून त्याचा माग काढायचा तर तो बराच वेळ जोडलेला राहायला हवा होता. म्हणून त्यांनी एका संरक्षण प्रकल्पाच्या खोट्या फायली रचून ठेवल्या. तो त्या वाचत बसला आणि माग लागला. १९९९ मध्ये लान्स स्पिट्झनर यांच्या पुढाकाराने हनीनेट प्रोजेक्ट सुरू झाला. तेव्हापासून जगभरचे स्वयंसेवक असे सापळे लावून मिळालेली माहिती एकमेकांना देत आले आहेत. आज आपण फुकट वापरतो त्यातली बरीच साधनं अशाच लोकांनी लिहिली आहेत.

मी हिंजवडीत नोकरी करतो आणि हे काम संध्याकाळी, घरी आल्यावर करतो. पहिल्या महिन्यात काय करावं, कोणत्या क्रमाने करावं आणि कुठे हात आखडता घ्यावा, हे माझ्या अनुभवातून सांगतो. लिनक्सच्या टर्मिनलची थोडी ओळख असली की पुरे.

आधी एक प्रश्न ठरवा

"काय काय येतंय ते बघू" म्हणून बसलात तर आठवड्यात कंटाळाल, कारण येतं खूप आणि बहुतेक एकसारखं असतं. छोटा प्रश्न घ्या. पहिले दहा पासवर्ड कोणते वापरतात? आत आल्यावर पहिली कमांड कोणती देतात? दिवसाच्या कोणत्या वेळी जास्त येतात? प्रश्न वहीत लिहून ठेवा. एवढ्याने लॉग, म्हणजे यंत्राने ठेवलेल्या नोंदी, वाचायची दिशा मिळते.

जागा: घर नको

नव्या माणसाला वाटतं, घरी वायफाय आहे, तपकीर गल्लीतून जुना संगणक किंवा रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) आणू आणि जोडून टाकू. माझं स्पष्ट मत आहे, पहिल्या वर्षी तरी घरी लावू नका. पुण्यातल्या पुष्कळ ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतोच, अनेक घरं मिळून एक पत्ता वापरतात. राउटरच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या बाजूचा, पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल तर बाहेरून कुणी तुमच्यापर्यंत येऊच शकत नाही आणि सापळा रिकामा राहतो. ही झाली लहान अडचण. मोठी अडचण अशी की त्याच राउटरवर आईचा फोन असतो, बाबांचं बँकेचं काम असतं, बहिणीचा ऑफिसचा लॅपटॉप असतो. कर्वेनगरला चौघांत खोली घेऊन राहत असाल तर बाकी तिघांचंही सगळं तिथेच. इथे शेळी आणि बिबट्या एकाच कप्प्यात येतात.

त्यापेक्षा एखाद्या होस्टिंग कंपनीकडून लहानसा व्हीपीएस, म्हणजे त्यांच्या यंत्रावरचा आपल्यापुरता आभासी संगणक, भाड्याने घ्या. पहिल्या सापळ्याला एक जीबी रॅम पुरते. घेण्याआधी कंपनीच्या अटी वाचा आणि मदतकक्षाला सरळ लिहा, "अभ्यासासाठी हनीपॉट चालवायचा आहे, चालेल का?" उत्तर लेखी घ्या आणि जपून ठेवा. काही कंपन्या नाही म्हणतात, मग दुसरी शोधा. खरं नाव-पत्ता द्या. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे व्हीपीएस देणाऱ्यांना ग्राहकाची पडताळलेली माहिती पाच वर्षं ठेवावी लागते. आणि तसंही, उद्या कुणी विचारायला आलं तर आपली सगळी कागदं चोख असलेली बरी.

कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या नेटवर्कवर लावायचा मोह होईल. विभागप्रमुखांची आणि नेटवर्क सांभाळणाऱ्यांची लेखी परवानगी नसेल तर तो विषय सोडून द्या. तोंडी "हो हो, लावा" चालत नाही.

काउरी बसवणं

सुरुवातीला मी काउरी हा तयार हनीपॉट सुचवतो. काउरी म्हणजे आपली कवडी. तो एसएसएच आणि टेलनेट या दुरून यंत्रात शिरायच्या दोन दारांचं सोंग करतो. येणाऱ्याला वाटतं आपण लिनक्स यंत्रात शिरलो. प्रत्यक्षात तो पायथनमध्ये लिहिलेल्या एका कार्यक्रमाशी (प्रोग्रॅमशी) बोलत असतो. फायली खोट्या, कमांडची उत्तरंही रचलेली. टी-पॉट नावाचा मोठा संच आहे, डॉइश टेलिकॉमच्या सुरक्षा विभागाचा, त्यात वीसेक सापळे आणि सुंदर आलेख एकत्र मिळतात. पण त्याला किमान आठ ते सोळा जीबी रॅम लागते, आणि आलेख बघण्यातच वेळ जातो. कच्चा लॉग वाचायची सवय आधी लागू द्या.

क्रम असा ठेवा. यंत्र घेतल्यावर आधी सगळे अपडेट करा. मग तुमचा स्वतःचा एसएसएच पोर्ट २२ वरून (पोर्ट म्हणजे यंत्राच्या दाराचा क्रमांक) काढून वरच्या कुठल्यातरी पोर्टवर न्या. पासवर्डने शिरणं बंद करून फक्त चावीच्या फाइलने चालू ठेवा. शक्य असेल तर ते पोर्ट फक्त तुमच्या पत्त्याला दिसेल असं करा. इथे मी एकदा हात पोळून घेतले आहेत. पोर्ट बदललं, फायरवॉलमध्ये (ये-जा अडवणाऱ्या नियमांत) नवीन पोर्ट उघडायचं राहिलं आणि खिडकी बंद केली. संपलं, यंत्र नव्याने घ्यावं लागलं. म्हणून जुनी खिडकी उघडी ठेवा, दुसऱ्या खिडकीतून नव्या पोर्टवर शिरून बघा, शिरता आलं तरच पहिली बंद करा.

यानंतर काउरीसाठी वेगळा वापरकर्ता बनवा. त्याला पासवर्ड नको, कसलेही विशेष अधिकार नकोत. काउरी कधीही रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, म्हणून चालवू नका. काउरीचा एसएसएच २२२२ वर ऐकतो, म्हणून बाहेरून २२ वर येणारी वाहतूक फायरवॉलच्या नियमाने २२२२ कडे वळवा. टेलनेट मुळात बंद असतं, ते सेटिंगच्या फायलीत चालू करा आणि २३ ची वाहतूक २२२३ कडे वळवा. टेलनेट नक्की चालू करा, कॅमेरे आणि राउटर यांच्यामागे लागलेली मंडळी तिथेच भेटतात.

मुळातल्या सेटिंग तशाच ठेवू नका. काउरी स्वतःला मुळात एसव्हीआर०४ असं नाव लावतो, आणि हे नाव सगळ्या जगाला पाठ आहे. ते बदला. कोणते पासवर्ड चालतील याची फाइल असते, तीही स्वतः लिहा. कुठलाही पासवर्ड चालला तर हुशार पाहुणा लगेच ओळखतो. दोन-चार कमकुवत पासवर्ड चालू ठेवा, बाकी नाकारा.

मधली जाळी

आता पिंजऱ्याची जाळी. तुमच्या यंत्रातून कुणा तिसऱ्याला त्रास होता कामा नये, ही एक अट बाकी सगळ्याच्या वर आहे.

काउरीमध्ये कुणी फाइल उतरवायची कमांड दिली तर काउरी ती खरोखर आणतो आणि ठेवून देतो, पण चालवत नाही. म्हणजे बाहेर जाणारी थोडी वाहतूक होतेच. त्यामुळे बाहेर जाणाऱ्या वाहतुकीवर फायरवॉलची मर्यादा घाला. वेबची पोर्टं आणि नावं शोधण्याचं डीएनएस एवढंच जाऊ द्या, मिनिटाला किती जोडण्या यालाही आकडा ठरवा. टपालाचं पोर्ट २५ तर बंदच. काही जण आत येऊन एकही कमांड देत नाहीत, तुमच्या एसएसएचमधून दुसरीकडे जोडणी पुढे ढकलायला बघतात, बहुतेक वेळा कचरा-मेल पाठवायला. काउरी अशा विनंत्या नोंदवतो आणि मुळात पुढे पाठवत नाही. ती सेटिंग बदलू नका. काउरीची आवृत्ती ताजी ठेवा.

खरं लिनक्स उघडं ठेवून घुसखोराला त्यात मोकळं फिरू देणारेही सापळे असतात. शिकायला भरपूर मिळतं, पण त्या यंत्रावर चोवीस तास कुणाची तरी नजर लागते. गुरुवारी वीज गेली, घरचं नेट बंद पडलं आणि तिकडे तुमचं यंत्र कुणावर तरी हल्ला करत बसलं, असं होऊ शकतं. वर्षभर काउरी चालवल्याशिवाय तिकडे वळू नका, आणि वळलात तर एकट्याने नको.

लॉग वाचायला बसा

यंत्र चालू केल्यावर पहिली ठोठावणी बहुधा काही मिनिटांतच येते. यात घाबरण्यासारखं काही नाही. कुणी तुम्हाला शोधलेलं नसतं. इंटरनेटवरचा प्रत्येक पत्ता कुणी ना कुणी सतत चाचपून बघत असतं.

सगळं जेसन या साच्यातल्या एका लॉगमध्ये ओळीने साठतं. वेळ, पाहुण्याचा पत्ता, वापरलेलं नाव, पासवर्ड, दिलेली कमांड आणि सेशनचा, म्हणजे त्या भेटीचा, क्रमांक. सेशनच्या क्रमांकाने ओळी गाळून घेतल्या की एक पाहुणा आत आल्यापासून बाहेर जाईपर्यंतची गोष्ट लागते. सोबत एक छोटं साधन येतं, त्याने टर्मिनलवर काय टाइप झालं ते त्याच गतीने पुन्हा बघता येतं. ते जरूर बघा. पाच कमांड एका श्वासात आल्या तर ती स्क्रिप्ट. कमांड चुकली, मागे जाऊन खोडली, मध्ये थांबली, तर पलीकडे माणूस आहे. माझ्याकडे माणूस क्वचित येतो.

टेलनेटवरचं एक सेशन जवळून बघू. नाव रूट, पासवर्ड एक्ससी३५११. हा एका बनावटीच्या कॅमेऱ्यांचा आणि डीव्हीआरचा कारखान्यातून येणारा पासवर्ड आहे. आत आल्यावर ओळीने शब्द येतात, एनेबल, सिस्टिम, शेल, एसएच. पाहुण्याला माहीत नसतं की समोर राउटर आहे का कॅमेरा. बऱ्याच उपकरणांत आधी कंपनीचा मेनू दिसतो, त्यातून बाहेर पडून खऱ्या शेलपर्यंत पोचायचे हे वेगवेगळे प्रयत्न. मग येते खरी गंमतीची ओळ: बिझीबॉक्सला, म्हणजे लहान उपकरणांतल्या कमांडच्या संचाला, मिराई नावाचा कार्यक्रम चालवायला सांगितला जातो. बिझीबॉक्समध्ये असा कार्यक्रमच नाही. त्यामुळे खरं उपकरण उत्तर देतं, "मिराई: अॅप्लेट सापडलं नाही". पाहुण्याला हेच उत्तर हवं असतं. ते आलं की त्याची खात्री पटते, आपण शेलमध्ये आहोत. काउरी हे उत्तर बरोबर देतो, म्हणून पाहुणा पुढे जातो आणि आपली फाइल टाकतो.

मिराई हा अशी उपकरणं बळकावणारा घुसखोर कार्यक्रम. त्याचा मूळ कोड २०१६ च्या सप्टेंबरअखेर उघड्यावर आला. त्यात साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या होत्या. त्याच ऑक्टोबरमध्ये अशा लाखभर लहान उपकरणांच्या जोरावर डाइन या डीएनएस कंपनीवर हल्ला झाला आणि अमेरिकेत मोठमोठी संकेतस्थळं तासन् तास बंद पडली. त्या कोडच्या नकला आजही फिरतात. मिराई या नावाच्या जागी वेगळाच शब्द दिसतो, बाकी ओळी जवळपास त्याच. तुमच्या लॉगमध्ये कोणता शब्द येतो ते टिपून ठेवा, एकेका टोळीची ती खूण असते.

एसएसएचवरचे पाहुणे वेगळे. ते आधी प्रोसेसर किती, मेमरी किती हे मोजतात. यंत्रावर चोरून क्रिप्टो-नाणी काढायची असतात, म्हणून मगदूर बघतात. मग आपली चावी रूटच्या फायलीत टाकतात, पासवर्ड बदलतात आणि आधीच्या चोराचे कार्यक्रम शोधून बंद करतात. चोरांची आपसात अशी जागेवरून भांडणं चाललेली असतात.

वेळेचं एक पक्कं लक्षात ठेवा. काउरी वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहितो. आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे.

उतरलेल्या फायली

काउरी आणलेली प्रत्येक फाइल तिच्या शा-२५६ ठशाच्या, म्हणजे मजकुरावरून काढलेल्या खुणेच्या, नावाने ठेवतो. ती आपल्या लॅपटॉपवर ओढून उघडू नका. "फक्त बघतो" असं म्हणूनही नाही. आधी नुसता ठसा व्हायरसटोटल या संकेतस्थळावर शोधा. बहुतेक वेळा तो तिथे असतोच आणि घराणंही कळतं. नसेल तर फाइल मालवेअर बझारला द्या, आणि ती जिथून आली तो दुवा यूआरएलहाऊसला. दोन्ही उपक्रम अॅब्यूज-डॉट-सीएचचे आहेत, तिथली माहिती जगभरचे सुरक्षावाले वापरतात. दुसऱ्या कुणा अभ्यासकाला फाइल पाठवायची झाली तर पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये पाठवा. या वर्तुळात पासवर्ड "इन्फेक्टेड" असा ठेवायचा रिवाज आहे, कुणी चुकून उघडू नये म्हणून.

पलीकडचा पत्ता कुणाचा?

लॉगमध्ये दिसणारा पत्ता चोराचा असेल असं समजू नका. बहुतेक वेळा तो चोराने आधीच बळकावलेल्या यंत्राचा असतो. म्हणजे हल्लेखोरांची यादी म्हणून आपण जी गोळा करतो, ती मुख्यतः बळी पडलेल्यांची यादी असते. मला हे नीट कळलं ते एका पुणेरी पत्त्यामुळे.

गेल्या पावसाळ्यात एका स्थानिक ब्रॉडबँडवाल्याचा पत्ता माझ्या टेलनेटवर येऊ लागला. ओळी मिराईच्याच, पण वेळापत्रक विचित्र. आपल्या वेळेने सकाळी साडेदहानंतर सुरू, दुपारी एकला बंद. पुन्हा चारनंतर सुरू, रात्री नऊला बंद. चार दिवसांची वेळ कागदावर मांडली आणि उलगडा झाला. पेठेतलं एखादं दुकान असणार. मालक दुपारी जेवायला जाताना मेन स्विच बंद करून जातो आणि राउटरही बंद पडतो. मिराईसारखा कार्यक्रम फक्त मेमरीत राहतो, वीज गेली की पुसला जातो. पण पासवर्ड जुनाच असल्याने राउटर चालू झाल्यावर थोड्याच वेळात कुणीतरी पुन्हा शिरतो. तो माणूस रोज दोनदा नकळत आपला राउटर साफ करत होता आणि रोज दोनदा तो राउटर पुन्हा चोरांच्या हाती जात होता.

मी ब्रॉडबँडवाल्याला तक्रार लिहिली आणि त्यात लॉगमधली वेळ तशीच डकवली, ०५:१०. त्यांनी पहाटे पाच दहाच्या नोंदी बघितल्या आणि कळवलं की त्या वेळी ही जोडणी चालूच नव्हती. त्यांचं बरोबर होतं. चूक माझी. मी १०:४० लिहायला हवं होतं, आणि पुढे "भारतीय वेळ". दुरुस्त पत्र पाठवल्यावर नवव्या दिवशी तो पत्ता गप्प झाला. दुकान कोणतं ते मला कळलं नाही, आणि कळायचं कारणही नव्हतं.

तर तक्रार अशी लिहा. पत्ता कुणाच्या अखत्यारीतला आहे ते हूइज या पत्त्यांच्या मालकीच्या नोंदीत शोधा, तिथे गैरवापराच्या तक्रारीसाठी ईमेल दिलेला असतो. भारतातल्या पत्त्यांच्या नोंदी बहुतेक आयआरआयएनएन या नोंदणी संस्थेकडे मिळतात. पत्रात पत्ता, पोर्ट, तारीख, वेळ आणि कोणती वेळ तेही, लॉगच्या चार-पाच ओळी आणि "तुमच्या ग्राहकाचं उपकरण बाधित झालेलं दिसतं" हे एक वाक्य. आरोपाची भाषा नको. सरकारी संस्था, रुग्णालय, बँक अशांचा पत्ता दिसला तर सर्ट-इनला कळवा. १९३० हा क्रमांक पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, तो अशा कामासाठी अडवू नका.

त्या पत्त्यावर स्वतः शिरून बघणं, पासवर्ड बदलून "मदत" करणं, हे अजिबात करू नका. पासवर्ड तुम्हाला लॉगमधूनच कळलेला असतो, त्यामुळे हात शिवशिवतात. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये येतं, आणि अप्रामाणिक हेतू ठरला तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुमचा हेतू चांगला होता हे नंतर कोर्टात समजावत बसावं लागेल. पत्त्यांची यादी व्हॉट्सअॅपच्या गटांवरही टाकू नका. आणि वापरलेल्या पासवर्डांची सरसकट यादी छापू नका, त्यात कुणाचा तरी चोरीला गेलेला खरा पासवर्ड असू शकतो.

महिन्यानंतर

आठवड्यातून दोन संध्याकाळी तासभर, एवढी शिस्त पुरते. डिस्क भरते का बघा, लॉगची प्रत दुसरीकडे काढा, अपडेट करा. परीक्षा आली, गावी जायचं आहे, तर यंत्र बंद करून जा. बेवारस सापळा ठेवू नका. कायमचं बंद करताना आधी फायली हलवा, मग यंत्र आणि त्याच्या सगळ्या प्रती पुसा.

सगळी मांडणी स्वतः करायची नसेल आणि माहिती मात्र द्यायची असेल तर सान्स या सुरक्षा प्रशिक्षण संस्थेच्या इंटरनेट स्टॉर्म सेंटरचा डीशील्ड सेन्सर आहे. त्याच्याही आत काउरीच असतो आणि नोंदी आपोआप त्यांच्याकडे जातात. कोड लिहिता येत असेल तर हनीनेट प्रोजेक्ट २००९ पासून गूगल समर ऑफ कोड या उपक्रमात नवोदितांना काम देत आला आहे. पुण्यात नल या मुक्त सुरक्षा समुदायाची शाखा आहे, तिथे नवख्यांचे प्रश्न ऐकून घेतात.

तिथे पहिल्यांदा जाताना सगळा लॉग नेऊ नका. एकच सेशन निवडा. ओळी कागदावर उतरवा, प्रत्येक ओळीपुढे ती तिथे का आली असेल ते आपल्या शब्दांत लिहा आणि जिथे कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह करा. गप्पा त्या प्रश्नचिन्हांपासून सुरू करा.